वाचकांचे प्रश्न : रविवारी सकाळी साडेसहाला

मागच्या अंकात पासवर्डबद्दल लिहिताना मी याहू मेसेंजरचा, म्हणजे कॉम्प्युटरवर टाइप करून गप्पा मारायच्या त्या जुन्या प्रोग्रॅमचा, एका ओळीत उल्लेख केला होता. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळी प्रिंटर, बॅटरी आणि व्हायरसचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलते आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, १९९९ ते २००९ अशी दहा वर्षं मी सांगलीत विश्रामबागेत सायबर कॅफे चालवला. सहा मशीन, एक मोडेम आणि टेलिफोनची एक तार. खाली जे लिहिते आहे ते त्या गल्ल्यावर बसून पाहिलेलं आहे.

माझा भाऊ २००१ मध्ये नोकरीसाठी न्यू जर्सीला गेला. आई दर रविवारी कॅफेत जाऊन त्याच्याशी याहूवर बोलायची. २००४ मध्ये आम्ही घरी कॉम्प्युटर घेतला, मग ती घरून बोलू लागली. गेल्या वर्षी आई गेली. तो कॉम्प्युटर अजून माळ्यावर आहे. त्यातून किंवा याहूकडून आईचं ते बोलणं परत मिळेल का?
— एक वाचक भगिनी, कऱ्हाड

ताई, आधी एक हात जोडून विनंती. तो कॉम्प्युटर माळ्यावरून काढून "बघू चालू होतो का" म्हणून बटण दाबू नका. इतकी वर्षं पडून असलेल्या मशीनचा वीजपुरवठ्याचा डबा पहिल्याच झटक्याला जाऊ शकतो आणि जाताना डिस्कलाही सोबत नेऊ शकतो.

याहूकडून काही मिळणार नाही. ही सेवा १७ जुलै २०१८ ला बंद झाली. त्यानंतर जुन्या गप्पा उतरवून घ्यायला सहा महिन्यांची मुदत दिली होती, तीही केव्हाच संपली.

घरच्या मशीनची गोष्ट मात्र वेगळी. याहू मेसेंजर गप्पांची नोंद तुमच्याच डिस्कवर ठेवायचा. ठेवण्याचे तीन पर्याय असायचे : अजिबात ठेवू नका, साइन आउट करेपर्यंत ठेवा, कायम ठेवा. भावाने किंवा तुम्ही तेव्हा "कायम" निवडलं असेल, तर आईचं बोलणं अजून तिथे असण्याची शक्यता आहे. कॉम्प्युटरचं खोकं उघडून आतली हार्ड डिस्क काढून घ्या. त्या काळच्या डिस्कला बहुधा चाळीस पिनांची रुंद पट्टी जोडलेली असते. तिला यूएसबीला जोडणारं कन्व्हर्टर बाजारात मिळतं. घेताना स्वतःचा वीजपुरवठा असलेलंच घ्या, कारण ही मोठी डिस्क नुसत्या यूएसबीच्या विजेवर फिरत नाही. जोडल्यावर कॉम्प्युटरने "फॉरमॅट करू का?" असं विचारलं तर काहीही झालं तरी "नाही" म्हणा.

मग सी ड्राइव्हमध्ये प्रोग्रॅम फाइल्स, त्यात याहू, त्यात मेसेंजर, त्यात प्रोफाइल्स. तिथे आईच्या आयडीच्या नावाचं फोल्डर दिसेल. त्याच्या आत आर्काइव्ह, त्यात मेसेजेस, त्यात भावाच्या नावाचं फोल्डर आणि त्यात तारखेनिशी एकेक फाइल. सगळ्यात आधी ते प्रोफाइल्सचं अख्खं फोल्डर दुसरीकडे उतरवून घ्या, मगच फाइली उघडायला जा. उघडल्यावर नुसती गिचमीड दिसेल, घाबरू नका. याहू तो मजकूर आयडीचीच अक्षरं किल्ली म्हणून वापरून झाकायचा. साधं कुलूप होतं ते. आईच्या आयडीच्या फोल्डरचं नाव म्हणजेच किल्ली. अशा फाइली वाचून देणारे छोटे प्रोग्रॅम लोकांनी लिहिलेले आहेत, आणि प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या एखाद्या भाच्यापुतण्याला बसवलंत तर तोही एका दुपारी करून देईल.

आता कॅफेतली तीन वर्षं. आमच्यासारख्या ठिकाणी साइन आउट झालं की नोंद पुसली जायची आणि पुसली जायलाच हवी होती, मागून येणाऱ्याने कशाला वाचायचं? पण ताई, तुमचं पत्र वाचून मला जे आठवलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आईची ट्रंक, पोथ्यांचं बासन, रेशनकार्डाची प्लॅस्टिकची पिशवी, बँकेच्या जुन्या पासबुकांचा गठ्ठा हे सगळं एकदा नीट बघा. तुम्हाला कागद सापडण्याचा संभव आहे.

त्याचं कारण असं. माझ्याकडे रविवारी सकाळी आया यायच्या. कॅफे बाईचा आहे म्हणून त्या येत असत, घरचेही पाठवत असत. न्यू जर्सीत शनिवारी रात्री नऊ वाजता मुलगा जेवून मोकळा व्हायचा, तेव्हा आपल्याकडे रविवार सकाळचे साडेसहा वाजलेले असायचे. हिवाळ्यात साडेसात. एप्रिलचा पहिला आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार मी कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवलेले असत, कारण तिकडे घड्याळ बदलायचं. शटर उघडायच्या आत चार-पाच जणी पायरीवर पदर सावरून बसलेल्या असत. फोनवर बोलायचं तर अमेरिकेला मिनिटाला साठेक रुपये पडायचे आणि माझ्याकडे तेव्हा तासाला तीस. चहाचा थर्मास कुणीतरी आळीपाळीने आणायचं.

त्यांना टाइप करता येत नव्हतं, ते मी करायची. पूर्वी टपाल कचेरीबाहेर पत्र लिहून देणारा बसायचा ना, तसं. आई सांगायची, मी रोमन अक्षरांत लिहायची, उत्तर आलं की मोठ्याने वाचून दाखवायची. मोठ्याने म्हणजे सहाही मशीनना ऐकू जाईल असंच, कारण मोडेमच्या शेजारचा पंखा फार आवाज करायचा. त्यामुळे एकीच्या मुलाने साबुदाणा किती वेळ भिजवू विचारलं की तिसऱ्या मशीनवरची बाई उत्तर द्यायची, आणि पाचव्या मशीनवरची "तिकडचा साबुदाणा वेगळा असतो, पाणी कमी घाल म्हणावं" अशी भर घालायची. तो मुलगा तिकडे एकटाच बसलेला. त्याला कुठे ठाऊक, विश्रामबागेतल्या चार बायका मिळून त्याची खिचडी करताहेत!

तेव्हा देवनागरी नव्हती. म्हणजे विंडोज २००० मध्ये र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल हा टंक आला होता, पण माझी मशीनं विंडोज ९८ ची. मग व्हायचे ते घोळ व्हायचे. रोमनमध्ये काल, काळ, कळ सगळं एकच. के, ए, एल. एका मुलाची बायको दिवसांत होती, आठवा लागलेला. त्याने लिहिलं, "kal" ची तीन अक्षरं आणि पुढे "आली". मी वाचलं, "कळ आली." आई उठून उभीच राहिली. बाकीच्याही उठल्या. एकीने देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. मी थरथरत्या हाताने विचारलं, कधीपासून? पलीकडून उत्तर आलं की काल दुपारच्या विमानाने, आता झोपली आहे. विहीणबाई "काल आली" होती. त्या आईचा चेहरा मला आज हे लिहिताना समोर दिसतो आहे.

आणि कागद. बोलणं संपलं की बऱ्याच जणी विचारायच्या, "हे घरी नेता येईल का? यांना दाखवायचंय." मी खिडकीतला मजकूर नोटपॅडमध्ये उतरवायची आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापून द्यायची, पानाला दोन रुपये. दोन्ही कडांना भोकांची पट्टी असलेला तो सलग कागद. कित्येक जणी ती पट्टी फाडूही देत नसत. घरी गेल्यावर वडील चष्मा लावून ते वाचायचे. माझ्यासारखं छापून देणारे बाकीच्या गावांतही असणारच. तुमच्या आईने नेले असतील, तर ते टाकले असतील असं मला वाटत नाही. डॉट मॅट्रिक्सच्या रिबनची शाई चांगली टिकते. सापडले तर लॅमिनेशन मात्र करू नका. फोनने स्वच्छ उजेडात फोटो काढा आणि कागद साध्या कागदी पाकिटात सपाट ठेवा. आणि मला कळवा. एवढं नक्की करा.

मला माझा आयसीक्यूचा आठ आकडी नंबर अजून पाठ आहे, स्वतःचा मोबाइल नंबर मात्र विसरतो. तो नंबर चालू करता येईल का? आणि नाव न देता नंबर का देत होते?
— एक वाचक, ठाणे

नाही हो, याहू मेसेंजरसारखंच गप्पांचं असलेलं आयसीक्यू २६ जून २०२४ ला कायमचं बंद झालं. १९९६ च्या नोव्हेंबरात तेल अवीवच्या मिराबिलिस नावाच्या छोट्या कंपनीने ते सुरू केलं. १९९८ मध्ये अमेरिकेच्या एओएलने विकत घेतलं, २०१० मध्ये रशियन मालकांकडे गेलं. म्हणजे सत्तावीस वर्षं चाललं. आपल्यापैकी बहुतेकांनी त्यातली पहिली पाच-सहाच पाहिली.

नंबराचं कारण सरळ आहे. सभासद येतील तसा पुढचा आकडा. नावात दोघांची गाठ पडू शकते, आकड्यात नाही. म्हणून आकडा जितका लहान तितका माणूस जुना. वालचंद कॉलेजची मुलं माझ्याकडे यायची, त्यांच्यात सात आकडी नंबरवाल्याला निराळा मान होता. ती मुलं आयआरसी ही गप्पांची आणखी एक सोयही वापरायची, जी त्याहून जुनी, फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात १९८८ मध्ये जन्मलेली. काळ्या-पांढऱ्या खिडकीत नुसती अक्षरं धावायची.

नंबर पाठ आहे ना? राहू द्या. माझ्याकडच्या एका मुलाने आपला नंबर सायकलच्या मडगार्डवर रंगवून घेतला होता.

याहूच्या चॅट रूम किती छान होत्या! अनोळखी माणसं सहज बोलायची. त्या का बंद केल्या? आता तसं काही उरलंय का?
— एक वाचक, नाशिक

तुमचा अनुभव छान असेल, मी तो नाकारत नाही. पण मी गल्ल्यावरून सगळ्या पडद्यांकडे पाहत होते, त्यामुळे माझं मत वेगळं आहे आणि ते मोकळेपणाने सांगते. मुलीचं वाटेल असं नाव घेऊन खोलीत पाऊल टाकलं की अर्ध्या मिनिटात दहा खिडक्या उघडायच्या, प्रत्येकीत तेच तीन प्रश्न : वय, मुलगा की मुलगी, गाव. पुढे काय यायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कॉलेजच्या मुलींसाठी मी दोन मशीन माझ्या अगदी शेजारी ठेवली होती आणि त्यांना सांगून ठेवलं होतं की काही आलं तर खुर्ची मागे सरकव, बोलू नकोस, मी बघते. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्ची सरकायची.

लोकांनी स्वतः उघडलेल्या खोल्या याहूने २००५ मध्येच बंद केल्या, कारण लहान मुलांना गाठण्यासाठी काही खोल्या वापरल्या जात होत्या. उरलेल्या २०१२ च्या डिसेंबरात गेल्या, तोपर्यंत त्यांत माणसांपेक्षा जाहिराती टाकणारी यंत्रंच जास्त उरली होती. त्या गेल्याचं मला वाईट वाटलं नाही.

अनोळखी पण आपल्या माणसांशी मराठीत गप्पा मारायच्या असतील तर मायबोलीसारखी ठिकाणं आहेत. मायबोली १९९६ पासून आहे, याहू पेजरच्याही (याहू मेसेंजरचं पहिलं नाव) आधीपासून. तिथल्या गप्पांच्या वाहत्या पानांवर नवं लिहिलं जातं तसं जुनं वाहून जातं. मला ती कल्पना आवडते. ओट्यावरच्या गप्पांचं कुणी दप्तर ठेवतं का?

मी १९ वर्षांची आहे. बाबा आणि त्यांचे मित्र भेटले की याहू मेसेंजर, त्याचे स्मायली, तो खिडकी हलवणारा बझ यावर तासभर बोलतात आणि डोळ्यांत पाणी आणतात. आता व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल फुकट आहे, आवाज आहे, फोटो आहेत, देवनागरी आहे. मग त्यात एवढं काय होतं? खरंच समजून घ्यायचं आहे.
— एक विद्यार्थिनी, पुणे

बाळ, तू "खरंच" हा शब्द लिहिलास म्हणून मनापासून उत्तर देते. सोयी आता सगळ्याच बाबतीत जास्त आहेत, त्यात वाद नाही. माझा भाचा परदेशात असतो, मी रोज त्याचा चेहरा पाहते, आणि मला ते दिवस परत नको आहेत. मोडेम चार वेळा तुटायचा, निम्मं वाक्य इकडे आणि निम्मं तिकडे राहायचं.

पण एक गोष्ट तेव्हा होती. तुझा फोन तुझ्यापाशी रात्रंदिवस असतो, म्हणून तू ऑनलाइन आहेस याला आज काही अर्थ नाही. तेव्हा माणूस ऑनलाइन दिसला याचा अर्थ तो कुठेतरी जाऊन, खुर्ची ओढून, तार जोडून बसला आहे. याहूच्या यादीत नावाशेजारी छोटा चेहरा असायचा. माणूस आला की पिवळा, नसला की राखाडी. आणि यादी उघडी ठेवून वाट पाहणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना वाट पाहणारे आणखी कुणीतरी बसलेले असत. तुझ्या बाबांना नुसता बझ आठवत नसणार. तो वाजल्यावर शेजारच्या खुर्चीवरचा मित्र जे काही बोलला असेल ते आठवत असणार. एकदा विचार त्यांना, कुठल्या कॅफेत बसायचात, शेजारी कोण असायचं?

माझी आठवण सांगते. ११ सप्टेंबर २००१, मंगळवार. आपल्याकडे संध्याकाळचे सव्वासहा झाले असतील, तेव्हा न्यूयॉर्कच्या इमारतीवर पहिलं विमान आदळलं. सातच्या सुमारास रविवारच्या आयांपैकी एक जण कॅफेच्या दारात आली. पायात घरातल्या चपला, हाताला कणीक तशीच. तिचा मुलगा जर्सी सिटीत राहायचा, नदी ओलांडून रोज मॅनहॅटनला कामाला जायचा. शेजारच्या टेलिफोन बूथवरून तिने वीस वेळा फोन लावून पाहिला होता, लाइन लागतच नव्हती. ती मला एवढंच म्हणाली, "दिसतोय का बघ गं."

मी तिचा आयडी उघडला. त्याचा चेहरा राखाडी होता.

ती खुर्चीवर बसली. नेहमीचा "लिहितोय, लिहितोय, गप्प बसा" असा गलका करणाऱ्या बायका त्या दिवशी नव्हत्या, कॉलेजची मुलं होती. पण त्यांनी आपापली मशीनं सोडली. दोघं बातम्यांची पानं उघडून बसले, ती पानं उघडता उघडत नव्हती. एकाचा आयआरसीवर न्यू जर्सीतला ओळखीचा होता. त्याने विचारून सांगितलं की नदीपलीकडच्या गाड्या बंद आहेत, पण बोटींनी लोकांना पलीकडे नेताहेत. ते त्याने तिला मराठीत दोनदा सांगितलं. आठ वाजले, नऊ वाजले. एरवी साडेनऊला मी शटर ओढायची. त्या मुलांतलं कुणी उठलं नाही. कुणीतरी तिच्यासमोर बशीत बिस्किटं ठेवली होती, ती तशीच. तिच्या हातावरची कणीक वाळून पांढरी पडली होती आणि ती दुसऱ्या हाताच्या नखाने ती खरवडत होती, नजर मात्र पडद्यावर.

दहा वाजून गेले होते. मी फोनच्या तारेकडे पाहत होते, लाइन तुटू नये म्हणून. तेवढ्यात त्या मुलांपैकी एक जण हळूच म्हणाला, "मावशी."

नाव ठळक झालं होतं आणि शेजारचा चेहरा पिवळा झाला होता.

मी कीबोर्डवर हात ठेवले आणि विचारलं, "काय लिहू?" तिने काहीच सांगितलं नाही. ती त्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहिली. मिनिटभराने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "राहू दे. आत्ता घरी आला असेल. त्याला पाणी पिऊ दे." मग खालची ती ओळ दिसली, तो काहीतरी लिहितोय अशी, आणि मी खुर्ची तिच्याजवळ सरकवली.